‘मला वाटतं’ म्हणणारं गाणं



मागच्या महिन्यात दुपारच्या कार्यक्रमात एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी अकरावीत आहे. ताई म्हणाल्या, “ही पोरगी दिवसभर कानात बोंडं घालून एकच इंग्रजी गाणं ऐकते. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. प्रेमाचं आहे एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळतं. त्यात काही वाईटसाईट नाही ना, तेवढं बघून सांगा.”

गाण्याचं नाव त्यांनी मुलीकडून कागदावर लिहून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं : ‘आय थिंक वुई आर अलोन नाऊ’. आम्ही केंद्रावर बसलेल्या चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या आमच्या सगळ्यात लहान सहकारी मुलीला. ती म्हणाली, “मावशी, हे तर सगळ्यांना माहितीये!” मग आम्ही सगळ्याजणी तिच्याकडून शिकलो. गाणं दहा-बारा वेळा ऐकलं, त्यातला अर्थ लावून घेतला, त्याचा मागचा इतिहास शोधला. गाण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत, त्यामुळे केंद्रावरून ते वाजवता येत नाही आणि त्याचे शब्दही इथे छापता येत नाहीत. पण त्याविषयी बोलता येतं. तेच आज बोलतो आहोत.

आधी गाण्यात काय आहे ते सांगतो, कारण ताईंचा प्रश्न तोच होता. गोष्ट म्हणावी तर एवढीशी. मोठी माणसं पोरांना बजावतात, नीट वागा, तुम्हाला एकत्र पाहिलं तर लोक काय म्हणतील. मग ती दोघं हातात हात धरून रात्रीच्या अंधारात धूम पळतात. कुणी नाही अशा जागी पोचतात, एकमेकांना मिठी मारतात, जमिनीवर पडतात. तिथे फक्त त्यांच्या छातीची धडधड ऐकू येते. संपलं. लग्नाचं नाव नाही, जन्मोजन्मीच्या शपथा नाहीत, विरह नाही, मरणाची भाषा नाही. एका रात्रीतली दहा मिनिटं असतील-नसतील, तेवढंच ते गाणं.

आता नाव बघा. आमच्या लहान सहकारीने त्याचं मराठी केलं, ‘मला वाटतं, आता आपण एकटे आहोत’. आमच्यातल्या एकीने लगेच हरकत घेतली. दोघं असतील तर ‘एकटे’ कसे? एकटी बाई म्हणजे एकच बाई. मराठीत दोघांना ‘आपण दोघंच’ म्हणावं लागतं. त्या ‘दोघंच’मधल्या ‘च’मध्ये बाकी सगळं जग बाहेर राहतं. इंग्रजीतला ‘अलोन’ हा शब्द एकट्यालाही चालतो आणि दोघांनाही. म्हणून नाव झालं, ‘मला वाटतं, आता आपण दोघंच आहोत’.

पण आम्हाला खरी गंमत वाटली ती ‘मला वाटतं’ची. ‘आपण दोघंच आहोत’ असं नाही म्हटलेलं. मला ‘वाटतं’. म्हणजे खात्री नाही. म्हणजे म्हणताना मान वळवून इकडे तिकडे बघितलेलं आहे. कुंपणापलीकडे कुणी उभं नाही ना, कुणाच्या बॅटरीचा उजेड नाही ना. ज्या घरात एक खोली, त्या खोलीत सहा माणसं, अशा घरात ज्या वाढल्या आणि ज्यांचं लग्नानंतरचं पहिलं वर्षही तसंच गेलं, त्या मैत्रिणींना हे ‘मला वाटतं’ समजावून सांगायला लागणार नाही. प्रेम हा या गाण्याचा विषय आहेच, पण त्याहून जास्त त्याचा विषय आहे नजर. आपल्यावर सतत कुणाची तरी नजर असणं, आणि ती क्षणभर हटली असं वाटणं.

हे गाणं अमेरिकेतलं, १९६७ सालचं. म्हणजे आमच्यातल्या थोरल्या दोघींच्या जन्माआधीचं. ते लिहिलं रिची कॉर्डेल यांनी आणि गायलं टॉमी जेम्स या तरुणाने, त्याच्या ‘शॉन्डेल्स’ नावाच्या वाद्यवृंदाबरोबर. तेव्हा टॉमी एकोणीस वर्षांचा होता. तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, बिलबोर्डच्या यादीत, ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्याने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्याच्यापुढे हे गाणं आलं तेव्हा त्याची चाल संथ होती. सगळ्यांनी बसून तिचा वेग वाढवला, आणि गाणं सापडलं.

हा वेग वाढवणं म्हणजे नक्की काय, हे आम्हाला टेबलावर वाजवून बघितल्यावर कळलं. तुम्हीही करून बघा. एका हाताने सावकाश टाळी द्या, एक, दोन, तीन, चार. आता दुसऱ्या हाताच्या बोटाने प्रत्येक टाळीच्या वेळात दोन टकटक बसवा, न थांबता, सगळ्या सारख्या जोराच्या. टकटक टकटक टकटक टकटक. जाड तारांची बास गिटार या गाण्यात हेच करते, तुटक आणि दबक्या आवाजात. ऐकताना कुणीतरी पाय न वाजवता पळतंय असं वाटतं. गायकही सुरुवातीला ओरडत नाही, कानाशी बोलल्यासारखा गातो. मग आवाज चढत जातो, आणि एके ठिकाणी वाद्यं जवळजवळ थांबतात. उरतो तो छातीच्या ठोक्यासारखा ढोल आणि मागे रातकिडे. खरंच, रातकिड्यांचा आवाज घातलाय त्यात. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री वीज गेली की जे ऐकू येतं, तेच.

बहुतेक गाण्यांत मुखाची ओळ आली की सगळी वाद्यं एकदम सुटतात. इथे ज्या क्षणासाठी एवढी पळापळ केली, त्या क्षणाशी गाणं शांत होतं. छातीची धडधड ऐकू यायची तर बाकीचं गप्प व्हायलाच हवं ना.

अशा गाण्यांना तिकडे ‘बबलगम पॉप’ म्हणतात. बबलगम म्हणजे फुगा करायचं च्युइंगम, आपल्या पोरांचं बूमर. साठच्या दशकाच्या शेवटी हे नाव रूढ झालं. छोटी, दोन-तीन मिनिटांची, गोड चालीची, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात घुमणारी गाणी. ‘यमी यमी यमी’ हे १९६८ सालचं आणि ‘शुगर, शुगर’ हे १९६९ सालचं, ही त्यातली गाजलेली. ‘शुगर, शुगर’ तर आर्चीच्या कार्टूनमधल्या, म्हणजे खऱ्या नसलेल्याच वाद्यवृंदाच्या नावावर निघालं आणि अमेरिकेत त्या वर्षातलं सगळ्यात लोकप्रिय गाणं ठरलं. या गाण्यांचं मुख्य गिऱ्हाईक शाळकरी पोरं, त्यातही मुली. त्यामुळे नावातच हिणवणूक होती : चघळा, फुगा करा, थुंकून टाका. जाणकार लोक नाक मुरडत. आता पोरींना जे आवडतं ते हलकंच असणार, हे मत आपल्याकडेही नवं नाही. आमच्या लहानपणी मुलींनी वाचायच्या कादंबऱ्यांबद्दल घरातले पुरुष असंच बोलायचे, आणि आज बायका बघतात त्या मालिकांबद्दल आम्हीच बोलतो. थुंकून टाकायचं म्हणून बनवलेलं हे गाणं मात्र साठ वर्षं होत आली तरी कुणी थुंकलेलं नाही.

एक गोष्ट जाता जाता. इतकं निरागस गाणं ज्या कंपनीने काढलं, त्या रूलेट रेकॉर्ड्सचा मालक मॉरिस लेव्ही हा गुन्हेगारी टोळ्यांत ऊठबस असणारा माणूस होता. टॉमी जेम्सने २०१० साली आत्मचरित्र लिहिलं, त्यात आपल्या हक्काचे पैसे या माणसाने कसे बुडवले ते सविस्तर सांगितलंय. लेव्हीला पुढे १९८८ साली खंडणीच्या कटाच्या खटल्यात शिक्षाही झाली. ऊस गोड असला तरी काटा कुणाचा आहे ते बघावं लागतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आता त्या ताईंच्या मुलीकडे येतो, कारण ती ऐकते ते टॉमी जेम्सचं गाणं नाहीच. ती ऐकते टिफनीचं.

टिफनी ही कॅलिफोर्नियातली मुलगी, १९७१ सालची. तिच्या निर्मात्याने, जॉर्ज टोबिनने, तिला वीस वर्षं जुनं हे गाणं गायला दिलं. तिला ते आधी जुनाट वाटलं होतं. त्याने त्याला नाचाचा ठेका दिला, यंत्राचे ढोल घातले, सिंथेसायझर घातला. तिच्या अल्बममधलं पहिलं निघालेलं गाणं ‘डॅनी’ चाललं नव्हतं. आणि मग कंपनीने एक वेगळीच शक्कल काढली. १९८७ च्या उन्हाळ्यात या पंधरा वर्षांच्या मुलीला नाट्यगृहात नाही, क्लबमध्ये नाही, तर शॉपिंग मॉलमध्ये उभं केलं. न्यू जर्सीतल्या पॅरामस गावच्या बर्गन मॉलपासून सुरुवात झाली. मागे वाद्यवृंद नाही, तयार टेपवर वाजणारं संगीत, पुढे पिशव्या घेऊन चाललेली माणसं. आठवडी बाजारात चौकात माईक लावून कुणी गायला लागावं तसं. पहिल्यांदा लोक नुसते वळून बघत आणि पुढे जात. हळूहळू मुली थांबू लागल्या.

मॉलच का? कारण तिथे मुली असतात. अमेरिकेतल्या गावांत तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आईवडिलांशिवाय दोन तास काढता येतील अशी जागा तीच होती. आपल्याकडे एसटी स्टँड, क्लासच्या बाहेरचा कट्टा, पाण्याला जायची वाट, जत्रा. प्रत्येक ठिकाणच्या मुलींची अशी एक जागा असते, जिथे त्या कामासाठी गेलेल्या असतात आणि कामापेक्षा पाच मिनिटं जास्त थांबतात. आमच्यातल्या एकीचं पाणी भरणं नळ घरात आल्यावर सुटलं. ती म्हणते, डोक्यावरचा हंडा गेला ते बरंच झालं, पण मैत्रिणींबरोबरची ती पाऊण तासाची वाट पण गेली.

नोव्हेंबर १९८७ मध्ये टिफनीचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. दोन आठवडे ते तिथे राहिलं आणि त्याला खाली खेचलं ते बिली आयडॉलने गायलेल्या ‘मोनी मोनी’ने. गंमत अशी की ‘मोनी मोनी’ हेही मूळचं टॉमी जेम्सचंच गाणं! पुढच्या जानेवारीत टिफनीचं गाणं ब्रिटनमध्येही पहिलं आलं. टॉमी जेम्सला वीस वर्षांपूर्वी जे जमलं नव्हतं ते या मुलीने केलं.

का बरं? ठेका हे एक कारण. पण आम्ही शब्द तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली, आणि तिच्यावर आमची सगळी दुपार गेली. शब्द तेच आहेत. पण गाण्यात ‘मी’ सांगतो की ‘तू’ मला मिठी मारतेस आणि ‘तू’च म्हणतेस की मला वाटतं, आता आपण दोघंच आहोत. म्हणजे टॉमी गातो तेव्हा हे वाक्य मुलीच्या तोंडी आहे. आजूबाजूला बघून घेणारी, धीर करून पहिलं बोलणारी ती आहे. १९६७ सालच्या गाण्यात! आणि टिफनी गाते तेव्हा एक शब्दही न बदलता तेच वाक्य मुलाच्या तोंडी जातं, आणि मुलगी त्या रात्रीची गोष्ट सांगणारी होते. आधी जिच्याबद्दल गाणं होतं, तिच्या हातात माईक आला.

मराठीत हे जमलंच नसतं. आम्ही भाषांतर करायला बसलो आणि पहिल्याच ठिकाणी अडलो : ‘तू म्हणतोस’ लिहायचं की ‘तू म्हणतेस’? आपली भाषा विचारतेच, सांगणारा कोण आणि समोरचं कोण. इंग्रजीतलं ‘यू’ काही विचारत नाही. गाण्यात नावं नाहीत, गाव नाही, वय नाही, केसांचा रंग नाही, जात-पैसा-घराणं काही नाही. दोन रिकाम्या जागा आहेत फक्त. त्यात कुणीही जाऊन उभं राहावं. आम्हाला वाटतं, हे गाणं टिकलं त्याचं मोठं कारण हे आहे. नायिकेच्या रूपाचं वर्णन असलेलं गाणं त्या रूपाबरोबर जुनं होतं. इथे जुनं व्हायला काही ठेवलेलंच नाही.

टिफनीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दुसऱ्याच वर्षी तिच्या कारकिर्दीवरून आणि कमाईवरून तिची आई आणि तो निर्माता यांच्यात वाद पेटला. तिने कायद्याने स्वतंत्र होण्यासाठी कोर्टात अर्ज केला. कोर्टाने तो मान्य केला नाही, पण तिला काही काळ आजीकडे राहायची परवानगी दिली. मॉलमधल्या शेकडो लोकांसमोर उभी राहून ‘आता आपल्याकडे कुणी बघत नाही’ असं गाणारी ही मुलगी. तिच्यावर आईची नजर, निर्मात्याची नजर, कंपनीची नजर, शेवटी न्यायाधीशाचीही. सोळाव्या वर्षी तिला स्वतःला एकांत किती मिळाला असेल, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आता थोडं अवघड बोलतो. केंद्रावर हे गाणं ऐकून झाल्यावर आमच्यातली सगळ्यात मोठी बाई म्हणाली, “ऐकायला गोड आहे, पण अंधारात, कुणी नसलेल्या जागी मुलगी? मला तर पोटात गोळा येतो.” तिचं चुकलं असं कुणी म्हणालं नाही. ‘आता आपण दोघंच आहोत’ हे वाक्य कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. २०१६ साली ‘टेन क्लोव्हरफील्ड लेन’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यात एक माणूस एका तरुण मुलीला जमिनीखालच्या आसऱ्यात ठेवतो, तिला बाहेर जाऊ देत नाही, आणि तिथल्या नाणं टाकून वाजवायच्या पेटीवर हेच जुनं गाणं लागतं. तोच टॉमी जेम्स, तीच टकटक. ऐकताना अंगावर काटा येतो. शब्द एकही बदललेला नाही, फक्त त्या मुलीने ती जागा निवडलेली नाही.

मूळ गाण्यात भीती का नाही, हे त्यावरून आमच्या लक्षात आलं. तिथे दोघं बरोबरीची आहेत. दोघंही पळतायत, दोघंही चोरून आलीत, दोघांनाही घरी रागावणार आहेत. कुणी कुणाला आणलेलं नाही. आणि ‘मला वाटतं’ म्हणणारं माणूस खात्रीने बोलणारं नाही, तेही घाबरलेलंच आहे. आमची मोठी बाई यावर म्हणाली, “गाण्यात बरोबरीची असतात गं.” वाद तिथेच राहिला. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवल्या आहेत.

अलीकडे हे गाणं पुन्हा मुलामुलींच्या तोंडी आलं ते २०१९ सालच्या ‘अम्ब्रेला अकॅडमी’ या मालिकेमुळे. तिच्या पहिल्याच भागात बऱ्याच वर्षांनी वडिलांच्या घरी जमलेली भावंडं आहेत. घरात हे गाणं लागतं आणि प्रत्येक जण आपापल्या जागी एकटाच नाचतो, दुसरा बघत नाही असं समजून. इथे प्रेमी जोडपं उरलंच नाही. उरलं ते फक्त ‘कुणी बघत नाही’. त्या ताईंच्या मुलीनेही ते तिथेच ऐकलं असावं, असं आमच्या लहान सहकारीचं म्हणणं. मग वर्षभरात कोरोना आला. मार्च २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, ‘ग्रीन डे’ या वाद्यवृंदाचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग याने घरबसल्या हेच गाणं म्हटलं. रस्त्यावर माणूस नाही, आणि हा म्हणतो, मला वाटतं आता आपण दोघंच आहोत. लपायला जागा शोधणाऱ्या दोघांचं गाणं, माणसाला माणूस दिसेना तेव्हा लागू पडलं.

आमच्या घरांत मात्र टाळेबंदीत उलटच झालं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. एकांत वाढला नाही, होता तोही गेला. सगळी माणसं चोवीस तास घरात. आमची एक मैत्रीण फोनवर मनातलं बोलायला गोठ्यात जाऊन बसायची. म्हशी ऐकत होत्या, पण त्या कुणाला सांगत नाहीत.

तर त्या ताईंना आम्ही पुढच्या बुधवारी फोन केला. म्हटलं, ताई, वाईट काही नाही. दोन पोरं मोठ्यांची नजर चुकवून पळतात, मिठी मारतात आणि त्यांच्या छातीत धडधडतं, एवढंच आहे. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणि ही कुणाचा विचार करत ऐकते?” आम्ही म्हटलं, ते गाण्यात लिहिलेलं नाही. ते तिलाच विचारावं लागेल, आणि ती लगेच सांगेलच असं नाही.

चार दिवसांनी त्यांनी आपणहून फोन केला. मुलीला विचारलं नव्हतं. पण रात्री भांडी झाल्यावर तिच्याशेजारी बसून म्हणाल्या होत्या, मला पण ऐकव की. मुलीने आढेवेढे घेतले, मग एक बोंडूक काढून त्यांच्या कानात घातलं. आणि मग मोबाईलवरच शोधून त्यांना ते जुनं, रातकिड्यांचंही ऐकवलं. वाद्यं थांबून ढोलाचे ठोके आले तेव्हा ताई तिला म्हणाल्या, “तू पोटात होतीस तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून असाच आवाज ऐकवला होता. फक्त याच्यापेक्षा भरभर.”

मुलगी म्हणाली, “काय गं आई!” आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं.